हातांनी वाचायच्या कथा

कादंबरी, नाटक, काव्य आणि अधूनमधून चित्रपट ह्यांचे परीक्षण साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात यावे, ह्याविषयी कोणाचे दुमत नसते. व्हिडिओ गेमचे नाव काढले की मात्र आपल्या कपाळावर आठी उमटते. हा विषय पालकसभेचा, फार तर डोळ्यांच्या डॉक्टरांचा, असे आपण गृहीत धरून चालतो. मुलाने किती तास मोबाइल हाती धरला ह्याचा हिशेब आपण ठेवतो. त्या तासांत त्याने काय अनुभवले, हे विचारायचे राहून जाते. कादंबरीच्या बाबतीत आपण असे कधी करीत नाही. 'वाचनात किती वेळ घालवलास?' ह्या प्रश्नापाठोपाठ 'काय वाचलेस?' हा प्रश्न येतोच येतो.

आमच्या धर्मग्रामातील युवक-युवती सध्या जे खेळ खेळत आहेत, त्यांपैकी काही त्यांच्याकडून समजून घेऊन, काही स्वतः खेळून, त्यांविषयीचे माझे मत येथे मांडीत आहे. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांचा विचार येथे केलेला नाही. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून त्यांस मनाई केली, आणि जुगाराला साहित्याच्या कसोट्या लावण्याचे कारणही नाही. मी निवडलेले चार खेळ ज्या अर्थाने कथा सांगतात, त्याच अर्थाने त्यांच्याकडे पाहावयाचे आहे.

प्रथम ह्या प्रकाराचे वेगळेपण ध्यानात घेतले पाहिजे. कादंबरीचा वाचक पात्राचा निर्णय वाचतो. नाटकाचा प्रेक्षक तो डोळ्यांसमोर घडताना पाहतो. दोघेही हळहळतात, संतापतात, परंतु निर्णय त्यांचा नसतो. व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याचे बोट हलल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. दार उघडायचे की नाही, शत्रूवर गोळी झाडायची की मागे वळायचे, हे तोच ठरवतो. कृती हे ह्या कलेचे माध्यम आहे. जसा शब्द हे काव्याचे, स्वर हे गायनाचे. तेव्हा तिची समीक्षाही कृतीच्या अंगानेच व्हावयास हवी.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना मानवी कृतीची पारख करण्याची तीन अंगे आम्हांस शिकवली गेली : प्रत्यक्ष कृती, कर्त्याचा हेतू आणि भोवतालची परिस्थिती. खेळाला ही कसोटी लावताना मी एक प्रश्न जोडतो. हा खेळ माझ्या हातून जे करवून घेतो, त्या कृतीचे वजन तो मला जाणवू देतो काय?

पहिला खेळ प्रत्येक घराला ठाऊक असलेला. दक्षिण कोरियातील क्राफ्टन ह्या कंपनीचा 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'. मुलांच्या तोंडी 'बीजीएमआय'. ह्याचा पूर्वावतार 'पबजी मोबाइल' ह्यावर भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये भारतासाठी ही नवी आवृत्ती आली, जुलै २०२२ मध्ये तीही काढून घेतली गेली आणि मे २०२३ मध्ये परत आली. खेळाची रचना साधी आहे. सुमारे शंभर खेळाडू विमानातून हवाई छत्रीने एका बेटावर उतरतात. निर्मनुष्य घरांत शिरून बंदुका, औषधे, चिलखते गोळा करतात. सुरक्षित वर्तुळ हळूहळू आवळत जाते, आणि जो शेवटपर्यंत जिवंत राहील तो किंवा त्याचा चमू विजयी होतो.

ह्या खेळाला निव्वळ हिंसक म्हणून झिडकारणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. चौघांच्या चमूत खेळताना मुले एकमेकांशी अखंड बोलत असतात. एखादा सोबती घायाळ होऊन कोसळला, तर दुसरा गोळीबारातून धावत जाऊन, काही सेकंद त्याच्यापाशी गुडघे टेकून, त्याला पुन्हा उभा करतो. त्या काही सेकंदांत वाचवणाराच टिपला जाण्याचा धोका असतो. हे ठाऊक असूनही मुले धावतात. ही निष्ठा खोटी नव्हे, आणि ज्या मुलाला मैदान मिळत नाही त्याला ती इथे लाभते, हेही मान्य केले पाहिजे.

पण ह्या निष्ठेची मर्यादा चौघांपाशी संपते. उरलेल्या शहाण्णवांना चेहरा नाही, नाव केवळ पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर झळकण्यापुरते. भारतीय आवृत्ती २०२१ साली आली तेव्हा रक्ताचा लाल रंग काढून तेथे हिरवा आणला गेला. ठार करण्याच्या शब्दाऐवजी 'फिनिश' हा शब्द योजला गेला. अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादाही घालण्यात आली. वेळेच्या मर्यादेचे स्वागतच आहे. परंतु रक्ताचा रंग पालटल्याने कृती पालटत नाही; उलट तिचे उरलेसुरले वजनही नाहीसे होते. मरणारा एका पेटीत रूपांतरित होतो आणि ती पेटी उघडून त्याची शिदोरी घ्यायची असते. थोड्या वेळाने सारे शंभर जण दुसऱ्या डावात पुन्हा विमानात बसलेले. खेळ फुकट आहे. कंपनीची कमाई प्रामुख्याने पोशाख व बंदुकांवरची सजावट विकून होते. म्हणजे मृत्यूला किंमत नाही, सदऱ्याला आहे. कथा म्हणून ह्या खेळाचे दारिद्र्य नेमके येथे आहे. चार-पाच वर्षे तो खेळणाऱ्या युवकांना मी विचारले, की आठवणीत राहिलेला एखादा प्रसंग सांगा. त्यांनी सांगितलेले सारे प्रसंग मित्रांचे होते. बेटाचा, त्यावरील ओसाड घरांचा, तेथून कोण कुठे गेले ह्याचा एकही नव्हता. मैत्री त्यांनी स्वतः नेली होती. खेळाने दिली होती ती फक्त जागा.

जो चेहरा ह्या खेळात दिसत नाही, तो दुसऱ्या खेळात थेट खिडकीशी येऊन उभा राहतो. 'पेपर्स, प्लीज' हा खेळ लुकास पोप ह्या अमेरिकन रचनाकाराने जवळजवळ एकट्याने घडवून २०१३ साली प्रसिद्ध केला. काळ १९८२ चा, देश आर्स्टोत्झ्का नावाचा काल्पनिक, हुकूमशाहीखालचा. खेळणारा हा सीमेवरील तपासनाक्याचा कारकून. सोडतीत त्याचे नाव निघाले म्हणून त्याला ही नोकरी लागलेली. दिवसभर एकेक माणूस समोर येतो, कागदपत्रे पुढे सरकवतो. फोटो जुळतो का, मुदत संपली का, शिक्का खरा का, हे पडताळून हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. मोबदला माणसागणिक. चूक झाली तर पहिल्या दोन वेळा ताकीद, पुढे दंड. संध्याकाळी हिशेब : भाडे, अन्न, शेगडीचे इंधन, आणि कोणी आजारी असेल तर औषध. घरी पत्नी, मुलगा, सासू आणि काका.

एका दिवशी एक प्रवासी येतो. त्याचे कागद चोख आहेत. जाताना तो विनवतो, की माझ्या मागे माझी बायको उभी आहे, तिच्याशी दयेने वागा. ती येते, आणि तिच्याजवळ प्रवेशाचा परवाना नाही. नियमाप्रमाणे लाल शिक्का मारावा तर नवरा सीमेच्या आत, बायको बाहेर. हिरवा मारावा तर चुकीची नोंद आपल्या नावावर. हा प्रसंग एखाद्या कथेत वाचला असता तर कारकुनाला आपण क्षणात निर्दय ठरवले असते. येथे शिक्का आपल्या हातात असतो आणि आपला मुलगा घरी थंडीने आजारी असतो. पुढे एक पहारेकरी असाही सौदा सुचवतो, की तू अधिक माणसे अटकेसाठी पाठव, मिळणाऱ्या बक्षिसातला वाटा तुला देईन. ज्याच्या कागदात किरकोळ तफावत आहे, ज्याला नुसते परत पाठवता आले असते, त्याला आपण तुरुंगात धाडू लागतो. एकदा हात सवयीचा झाला की माणसाऐवजी तफावत दिसू लागते.

नीतिशास्त्रात दुष्कृत्यातील सहभाग हे प्रकरण आम्ही शिकलो ते व्याख्यांतून. प्रत्यक्ष सहभाग, अप्रत्यक्ष सहभाग, दबावाखालचा सहभाग. पोप ह्यांचा खेळ त्या व्याख्यांना देह देतो. सज्जन माणूस जुलमी व्यवस्थेचा दाता कसा बनतो, ह्याचे उत्तर तो व्याख्यानातून देत नाही. रांग लांबत असताना, घड्याळ पुढे सरकत असताना, आपल्याच हाताच्या घाईतून ते आपल्याला उमगते. कोणत्याही कचेरीत खिडकीच्या ह्या बाजूस वा त्या बाजूस उभे राहिलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटेल. दोषही सांगितला पाहिजे. घरची माणसे ह्या खेळात दिवसाअखेरच्या यादीतले चार शब्द म्हणूनच येतात. त्यांच्यासाठी आपण सारे करतो, पण त्यांचा आवाज कधी ऐकू येत नाही. त्यामुळे कर्तव्याच्या दोन पारड्यांपैकी एक पारडे शेवटपर्यंत अमूर्त राहते.

निर्णय घेतल्यावर त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न 'पेंटिमेंट' हाताळतो. ऑब्सिडियन ह्या अमेरिकन संस्थेने जॉश सॉयर ह्यांच्या दिग्दर्शनाखाली तो नोव्हेंबर २०२२ मध्ये आणला. ह्या चार खेळांत आपल्या वाचकांना सर्वांत जवळचा वाटेल तो हा. स्थळ सोळाव्या शतकातील बव्हेरियातले टासिंग हे काल्पनिक गाव आणि त्याला लागून असलेला बेनेडिक्टाइन मठ. न्युरेंबर्गचा तरुण चित्रकार आंद्रेआस मालर मठाच्या लेखनशाळेत हस्तलिखिते रंगवण्याचे काम करतो. वर्ष १५१८, मार्टिन ल्यूथरचे प्रबंध आदल्या वर्षीचे, छापखाना गावात पोहोचलेला, शेतकरी करांनी गांजलेले. पाहुणा आलेल्या एका उमरावाचा मठात खून होतो आणि आळ येतो वृद्ध ब्रदर पिएरोवर. आपल्या ह्या गुरुतुल्य मित्राला सोडवण्यासाठी आंद्रेआसला खरा अपराधी शोधावयाचा आहे.

रचनाकारांचा अभ्यास जागोजागी दिसतो. दिवसाची विभागणी घड्याळाच्या काट्यांनी न होता मठातील प्रार्थनांच्या प्रहरांनी होते. प्रत्येक पात्राचे बोलणे वेगळ्या अक्षरवळणात उमटते : मठवासीयांचे जुन्या हस्तलिखितांच्या वळणात, शेतकऱ्यांचे ओबडधोबड, छापखानेवाल्याचे छापील टंकात. परमेश्वराचे नाव येते तेथे आधी जागा कोरी राहते आणि मग ते तांबड्या शाईने भरले जाते. श्रद्धा हा ह्या माणसांच्या जगण्याचा श्वास आहे, हे इतक्या साध्या युक्तीने सांगितलेले मी अन्यत्र पाहिले नाही. मठातील माणसे साधू किंवा ढोंगी अशा दोन साच्यांतली नाहीत. कोणी विद्वान आहे, कोणी भित्रा, कोणी लोभी, कोणी मनापासून देवाचा. ख्रिस्तसभेचा इतिहास ज्यांनी जवळून वाचला आहे त्यांना ह्यात निंदा दिसणार नाही.

तथापि खेळाचे खरे सामर्थ्य तपासाच्या रीतीत आहे. वेळ मोजका आहे. जेवायला एका घरी बसलो तर दुसऱ्या घरची बातमी हुकते. एका धाग्यामागे गेलो तर दुसरा सुटतो. न्यायदानास आलेल्या आर्चडीकनपुढे उभे राहावे लागते तेव्हा हाती अर्धवट पुरावे असतात. आपण एका माणसाकडे बोट दाखवतो आणि त्याचा शिरच्छेद आपल्यादेखत होतो. नेहमीच्या गुप्तहेरकथेत शेवटी सत्य उजेडात येऊन वाचक सुटकेचा श्वास टाकतो. हा खेळ ती सुटका देत नाही. कटामागचा हात कोणाचा हे पुढे कळते. पण ज्याला आपण मृत्यूकडे धाडले तोच मारेकरी होता की नाही, हे शेवटपर्यंत निश्चित होत नाही. कथा सात वर्षांनी १५२५ च्या शेतकरी उठावात आणि त्यानंतर १५४३ मध्ये पुन्हा त्याच गावात येते. मुले मोठी झालेली, म्हातारे थडग्यांत, आणि आपल्या त्या बोटाची आठवण गावाच्या मनात जागी. अखेरीस गावाचा इतिहास भिंतीवर रंगवावयाचा असतो. काय दाखवायचे आणि काय झाकायचे, तेही आपल्यालाच ठरवावे लागते.

शीर्षकाचा अर्थ येथे उलगडतो. चित्रकाराने आधी काढलेली रेषा बदलून वर रंग दिला, तरी कालांतराने जुनी रेषा खालून दिसू लागते. तिला इटालियन भाषेत पेंटिमेंटो म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ पश्चात्ताप. प्रायश्चित्त संस्कारात पापाची क्षमा होते, परंतु घडलेल्याचे परिणाम जगात उरतात, त्यांची भरपाई करावी लागते, ही आपली शिकवण आहे. बहुतेक खेळांत चुकले की मागे जाऊन पुन्हा सुरुवात करता येते. येथे जुनी रेषा पुसली जात नाही. एवढे मात्र खरे, की ह्या खेळात वाचावयाचे फार आहे, मधला भाग रेंगाळतो, आणि इंग्रजी सराईतपणे न वाचणाऱ्याला त्याची गोडी लागणे कठीण आहे.

चौथा खेळ कृतीच्या मर्यादेविषयी आहे, आणि त्याविषयी लिहिताना लेखणी जपून चालवावी लागते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राहणारे रायन व एमी ग्रीन हे श्रद्धावंत ख्रिस्ती दांपत्य. त्यांचा मुलगा जोएल वर्षाचा असताना त्याला मेंदूचा दुर्मीळ कर्करोग असल्याचे निदान झाले. मार्च २०१४ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, तो देवाघरी गेला. त्याच्या आजारपणातच ह्या दांपत्याने काही सहकाऱ्यांसह हा खेळ करावयास घेतला होता; 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' ह्या नावाने तो जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जेमतेम दोन तासांचा आहे. ह्यात आई-वडिलांचे आवाज खरे आहेत, जोएलचे हसणेही खरे आहे.

एका प्रसंगात रुग्णालयातील रात्र आहे. बाळ तहानेने व्याकूळ होऊन रडते आहे आणि पाणी त्याच्या पोटात ठरत नाही. खेळणारा वडिलांच्या जागी आहे. बाळाला उचलून घ्यावे, पेला पुढे करावा, खोलीत फेऱ्या माराव्यात. जे सुचेल ते करून पाहावे. रडणे थांबत नाही. व्हिडिओ गेमचा सारा शिरस्ता असा, की योग्य कळ दाबली की अडथळा दूर होतो. येथे योग्य कळच नाही. हात निरुपयोगी ठरतात तेव्हा वडील प्रार्थना करू लागतात, आणि बाळ शांत होते. ह्याला चमत्कार म्हणावे काय, ह्याचा निर्वाळा खेळ देत नाही. दुसऱ्या एका प्रसंगात धाकट्या भावंडाच्या आजाराची गोष्ट आई-वडील आपल्या इतर मुलांना सांगतात, आणि ती ड्रॅगनशी झुंजणाऱ्या चिमुकल्या सरदाराच्या जुन्या धर्तीच्या खेळातून आपल्यापुढे येते. मुलांना मृत्यूविषयी काय सांगावे, ह्या प्रश्नाशी झगडलेल्या प्रत्येक घराने हा भाग पाहावा.

मला ह्या खेळात सर्वांत प्रामाणिक वाटली ती पती-पत्नींच्या श्रद्धेतील तफावत. एमीचा विश्वास आहे की देव मुलाला बरे करील. रायन संशयाच्या पाण्यात बुडत चालला आहे. तो पाण्याखाली आणि एमी वर होडीत असे चित्रच खेळात येते. दोघांपैकी कोणालाही लहान केलेले नाही. ईयोबाच्या ग्रंथात मित्र जी सोपी स्पष्टीकरणे देतात, ती येथे कोणी देत नाही. काही दृश्ये दुर्बोध झाली आहेत, रूपके एकावर एक चढली आहेत, हे खरे. पण मृत्युशय्येपाशी सांत्वनास गेलेल्या कोणालाही ठाऊक असते, की तेथे करण्यासारखे काही उरत नाही तेव्हा केवळ थांबणे हीच सेवा असते. हा खेळ खेळणाऱ्याला थांबायला शिकवतो. कृतीच्या कलेने कृतीच्या पलीकडे बोट दाखवावे, हे मला मोठे यश वाटते.

चारही खेळ शेजारी ठेवले की एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्यात हात भराभर चालतात आणि मनावर काही उमटत नाही. दुसऱ्यात प्रत्येक शिक्क्याचा भार जाणवतो. तिसऱ्यात तो भार वर्षानुवर्षे सोबत येतो. चौथ्यात रिकामे हात जोडावे लागतात. खेळ हिंसक आहे की नाही, एवढ्यावरून त्याची प्रत ठरत नाही. 'पेंटिमेंट'मध्ये शिरच्छेद आहे आणि 'बीजीएमआय'मध्ये रक्त हिरवे आहे. कृतीला किंमत आहे की नाही, ह्यावरून ती ठरते.

सप्टेंबर २०२५ मध्ये संतपद लाभलेला कार्लो अकुटिस हा कुमार आपल्या मुलांना फार आवडतो. २००६ साली वयाच्या पंधराव्या वर्षी तो निवर्तला. त्यालाही व्हिडिओ गेम आवडत, आणि आठवड्यातून एकच तास खेळायचे असा नेम त्याने स्वतःला घालून घेतला होता, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. आपण पालक आणि धर्मगुरू मुलांना ह्यातला तास तेवढा सांगतो. तो नेम त्याने स्वतः घालून घेतला होता, हे अधिक महत्त्वाचे. स्वतःला नेम घालण्यासाठी आपण काय करीत आहोत ह्याची जाण असावी लागते, आणि ती जाण घड्याळाने येत नाही, संभाषणाने येते.

म्हणून पालकांना एक सुचवावेसे वाटते. मुलाने मोबाइल खाली ठेवला की त्याच्याशेजारी दहा मिनिटे बसावे आणि आज तुझ्या हातून तिथे काय घडले, असे आस्थेने विचारावे. जो खेळ त्याला ह्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, तो आपोआप त्याच्या मनातून उतरू लागेल. आणि ज्या खेळाविषयी तो जेवण थंड होईपर्यंत बोलत राहील, तो आपणही एकदा त्याच्याबरोबर खेळून पाहावा.